माणकीची दीक्षा

अर्धी ओसरी सारवून झाली होती. चन्नबसम्माचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात होते, तेवढ्यात ओल्या सारवणावर पावलांची नक्षी उमटवत माणकी मांजर आली. तोंडात उंदीर. तो तिनं देवघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि नैवेद्य दाखवल्यासारखी मागं सरून बसली.

"शिव शिव शिव!" सासूबाई शांतम्मा कडाडल्या. "उद्या गुरुसिद्धय्या स्वामी पादपूजेला यायलेत, अन् हिनं देवापुढं मढं आणून टाकलं! लिंगवंताचं घर हाय का शिकारखाना? पोतं आण गं. हिला नदीच्या पल्याड सोडते."

"मी काय म्हंतो," चन्नबसम्माचा नवरा अण्णाराव दारातून बोलला, "दुकानात सोडा की. पेंडीच्या पोत्यांची चाळणी केली उंदरांनी."

"तू गप ऱ्हा. दिवसभर गावात हिंडती, कुणाच्याबी उष्ट्यात तोंड घालती, अन् तेच तोंड घेऊन चुलीपाशी येती!"

चन्नबसम्मानं कोपरानंच माणकीला आपल्यामागं सारलं. ताडकळसहून नांदायला पोखर्णीला येताना तिनं मांडीवरच्या टोपलीत आणलेली ही माणकी. माहेरची आठवण काढून रडायला तेवढं एकच माणूस होतं घरात, आणि त्याला चार पाय होते.

"आत्याबाई, उद्यापस्तोर तिला कोठीच्या खोलीत कोंडते. मिशीसुदिक दिसणार न्हाई."

"दिसली की पोतं!"

चन्नबसम्मानं माणकीला कोंडलं. पण नुसतं कोंडून भागेना, मांजर सोवळीही व्हायला हवी. मग तिनं आपल्या गळ्यातल्या लिंगाच्या पिशवीसारखीच खणाच्या चिंधीची इवलीशी पिशवी शिवली, तीत चिमूटभर विभूती भरली आणि 'शिवा, हिची वासना मोड' म्हणत माणकीच्या गळ्यात बांधली. वर दूधभाकरीचं ताट. माणकी दूध प्याली, पण भाकरीला तिनं पाठ फिरवली आणि रात्रभर दाराशी गळा काढला.

दुसऱ्या दिवशी स्वामी आले. अंगानं भरदार, कपाळावर भस्माचे पट्टे. शांतम्मांनी त्यांचे पाय तांब्याच्या परातीत घेतले, बेल वाहिला. अण्णाराव हात जोडून उभा. मंत्र रंगात आला, आणि मांजर बंद असल्याची खबर लागलेला एक गलेलठ्ठ उंदीर फडताळावरून थेट परातीच्या काठावर उतरला.

"आरं हो हो हो!" स्वामींनी दोन्ही पाय छातीशी घेतले. परात कलंडली, पाय धुतलेलं पादोदक शांतम्मांच्या पदरात. उंदीर पाटाखाली शिरला, तसे स्वामी पाटावरच उभे राहिले. अण्णाराव झाडू समजून देवाची समई उचलून धावला.

"घरात मांजर न्हाई का रं?"

"हाय ना, महाराज! कोंडलीय!"

"आन् मग कोंडली कशापायी? सोडा!"

चन्नबसम्मानं कडी काढली. माणकी बाणासारखी सुटली. पाटाभोवती दोन फेरे, स्वामींच्या धोतराखालून एक, आणि उंदराला पुढं घालून ती दाराबाहेर. थोड्या वेळानं जिभल्या चाटत परतली आणि स्वामींच्या पायाशी बसली. गळ्यातली पिशवी तिरकी झाली होती.

"हे काय?" स्वामी वाकले. "हिला दीक्षा कुणी दिली?"

अण्णारावाला हसू आवरेना. चन्नबसम्मा रडकुंडीला आली. "मीच, महाराज. बाटू नये म्हणून... आत्याबाई तिला नदीपल्याड सोडायल्यात."

स्वामी पाटावर बसले आणि पोट धरून हसले. "अगं माय, व्रत माणसानं धरावं. हिच्या पोटाला उंदीर देवानंच लावून दिलाय. हिंडू दे दिवसभर. सांजच्याला घरात घ्या. चुलीपाशी तेवढी येऊ देऊ नका."

"अन् आली तर?" पदर पिळत शांतम्मांनी विचारलं.

"तर माझ्याकडं धाडा. पण नदीपल्याड न्हाई."

शांतम्मांनी एकदा स्वामींकडं, एकदा मांजरीकडं पाहिलं. "तुमी म्हंता तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच वाकून त्या पिशवीची गाठ सोडली. चन्नबसम्मानं माणकीला उचलून असं काही घट्ट धरलं की ती ओरडलीच.

निघताना स्वामी दारात थबकले. "मठातल्या पोथ्या उंदरांनी कुरतडल्यात गं. हिच्यासारखं एखादं पिल्लू मिळंल का?"

शेजारच्या कस्तुराबाईच्या कडब्याच्या गंजीत मांजर व्यालेली होती. चन्नबसम्मानं टोपली घेतली आणि पिल्लू मागायला ती कस्तुराबाईकडं निघाली.