बिलकुल आणि बराबर

गाडीच्या कागदावर 'एमआर' लिहिलं होतं, गाडी मरून रंगाची होती, आणि एमआर म्हणजे मरून असं समजून मी ती विकत घेतली. नुसतं समजलो नाही, विकणाऱ्यालाही ते समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. त्याचं काय जात होतं?

एमआर म्हणजे मध्यम पल्ला, एलआर म्हणजे लांब पल्ला. विजेच्या या दोन गाड्या बाहेरून जुळ्या बहिणी; फरक पोटातल्या बॅटरीचा आणि मोटरीच्या ताकदीचा. माझ्या गाडीच्या पाठीवर चकचकीत 'एलआर' चिकटवलेलं होतं. अशी अक्षरं सीट कव्हरच्या कुठल्याही दुकानात मिळतात, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळी आठवायची नाही, हा माझा जुना शिरस्ता.

गाडी घेण्याआधी मी फक्त एका माणसाला विचारलं होतं. लिहायचं आहे ते खरं त्यांच्याबद्दल. गाडीचं मी उगाच लावून बसलो.

जालन्यात त्यांना सगळे कानवाले चाचा म्हणत. राजूर रोडला त्यांचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. माझ्या वडिलांचा कापूस एके काळी त्यांच्याच टेम्पोतून जालन्याला यायचा, तेव्हापासूनचा घरोबा. चाचा लिंबाखाली खाटेवर डोळे मिटून पडलेले असत. गाडी फाटकातून आत आली की डोळे न उघडता सांगत, कोणतं इंजिन, किती दमलेलं, कुठं उघडलेलं. एकच डिझेल गाडी कमी ताकदीच्या आणि जास्त ताकदीच्या इंजिनात यायची, तेव्हा एमआयडीसीतला एक ठेकेदार कमी ताकदीच्या गाडीला जास्तीची अक्षरं लावून घेऊन आला. चाचा पडल्यापडल्याच म्हणाले, "नाव बदललंस बाबा, आवाज बदलायचा राह्यला." नम्रपणा त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. जालन्यात दोनच कान हायेत आणि दोन्ही माझेच हायेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्यांच्या दोन शब्दांवर बाजार चालायचा. 'बराबर' म्हणाले की डोळे झाकून घ्या. 'बिलकुल' म्हणाले तर त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं झालं, आता चहा प्या. त्यात होकार नाही, हमी नाही. शेवटच्या काही वर्षांत त्यांचं 'बिलकुल' फार वाढलं होतं. म्हातारा सावध झाला, असं बाजार म्हणायचा. खाटेवर पडून राहायचंही त्यांनी सोडलं होतं. चालू गाडीच्या बोनेटवर तळवा टेकवून उभे राहायचे आणि मग सांगायचे. आम्हाला वाटायचं, हा नवा रुबाब.

मला गाडी हवी होती ती नंदासाठी. माझ्या बायकोची केमो संभाजीनगरला सुरू झाली होती. राजूरच्या घरून पहाटे निघायचं, दिवसभर सुई, आणि संध्याकाळी परत. येताना डिझेलचा वास आला किंवा इंजिनाची थरथर लागली की तिच्या पोटात काही टिकत नसे. म्हणून विजेची. आणि वाटेत थांबायला लागू नये म्हणून लांब पल्ल्याची. तिचं मागणं तेवढंच होतं. "मला मधी कुठं बसवून ठेवू नका," ती म्हणाली होती, "सुईचं सोसंल, रस्त्यावरचं न्हाई."

गाडी दिसली, मालक घाई करत होता. मी चाचांना फोन लावला. मालक एलआर म्हणतो, पाठीवरही तेच आहे, घेऊ का? पलीकडून आवाज आला, "बिलकुल." मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला आहे, पिशवीवरच्या लेबलावर विसंबू नका, असं शेतकऱ्यांना सांगण्याचा मला पगार मिळतो. मी गाडी घेतली.

घेतल्यावर पहिल्याच फेरीला परतताना बदनापूरच्या अलीकडे गाडीनं मान टाकायला सुरुवात केली. एका हॉटेलाच्या मागे चार्जर होता, तिथं लावली. उन्हाळा, त्यात एसी बंद ठेवायचा. नंदानं खिडकीच्या काचेला डोकं लावलं, पदर तोंडावर घेतला. हॉटेलातून तळणाचा वास येत होता. तिला तीनदा खाली उतरवावं लागलं. तिनं मला एक शब्दही विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी चाचांच्या आवारात नेली आणि नंदाचे झालेले हाल सांगितले. त्यांनी बोनेटवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. मी गाडी चालू केली. त्यांचा हात तसाच. "मुकी हाय," ते म्हणाले. मग मागं जाऊन नखानं अक्षरं खरवडली. ती सुटून त्यांच्या हातात आली. कागद वाचला, एमआरवर बोट ठेवलं. मी मरूनचा खुलासा केला. आवारातले सगळे हसले, चाचा हसले नाहीत.

"फोनवर मी काय म्हणालो व्हतो?" त्यांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

"बिलकुल."

त्यांनी हातातली अक्षरं खिशात टाकली. "मंग ही चूक माझी," म्हणाले. मी नाही नाही म्हणत राहिलो. त्यांनी किल्ली मागून घेतली. "बेटीला पुन्हा रस्त्यावर बसू द्यायचं न्हाई. पण मुकी गाडी मला येत न्हाई, गजानन. जी बोलत न्हाई तिची गवाही कशी देऊ? शिकून येतो."

आणि ते खरंच शिकायला गेले. कंपनीच्या वर्कशॉपात स्टूल घेऊन बसले. समोरच्या माणसाशी इतके भांडले, की शेवटी त्यानं सगळं कागदावर लिहून दिलं. माझी मरून गाडी त्यांनी एमआर म्हणूनच एमआयडीसीत रोज जाणाऱ्या एका सुपरवायझरला दिली आणि दुसरी शोधली. ही पांढरी, म्हणजे माझ्या वाचनाला वाव नव्हता. चाचांनी चासी नंबरावरून वर्कशॉपात प्रकार विचारला. गाडी वर चढवून बॅटरीच्या पेटीवरची पट्टी वाकून वाचली. एवढ्यानंही त्यांचं समाधान झालं नाही. पट्टीसुद्धा माणसंच लावतात, म्हणाले. एसी पूर्ण लावून, अंगावर शाल घेऊन, ते भर उन्हाळ्यात राजूर रोडला गाडी फिरवत राहिले, बॅटरी पार दमेपर्यंत. मग आवारात आणून तारेला लावली आणि मीटरसमोर खाट टाकली. "डब्यावर काय लिहिलंय ते सोड. भरून बघू, किती मावतं."

गाडी भरली. चाचांनी मीटरवर किती युनिट चढले ते बघितलं, वर्कशॉपवाल्याच्या कागदाशी ताडून बघितलं आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. "बराबर."

त्यानंतर नंदाच्या सगळ्या फेऱ्या न थांबता झाल्या. येताना आम्ही जालन्यात शिरून राजूर रोडला लागलो की फाटकाशी चाचा उभे असत. मी वेग कमी केला तर रागानं हात झटकत, थांबायचं नाही. गाडी समोरून गेली की हात वर करत. नंदा एरवी डोळे मिटून असायची, पण तेवढ्यापुरती उठून बसायची आणि काचेआडून हात वर करायची. शेवटच्या फेरीला तिनं मला दम देऊन गाडी थांबवायला लावली, उतरली आणि त्यांच्या पायाला हात लावला. चाचांनी तिला उठवलं. मग रागानंच हात झटकला, निघा.

नंदा बरी झाली. चाचा त्याच वर्षी थंडीत गेले, झोपेत.

आम्ही चाचींना भेटायला आवारात गेलो. खाट लिंबाखाली होती, उभी करून ठेवलेली. बोलता बोलता मी त्यांच्या दोन शब्दांची गोष्ट काढली. बिलकुल आणि बराबर यांतला बारीक फरक, त्यामागचं चाचांचं शहाणपण. ही गोष्ट मी गावभर रंगवून सांगत असे. चाची ऐकत होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "कान तर त्यांचे कवाच गेल्ते, बेटा. डॉक्टरनं मशीन दिल्ती, लावली न्हाई. कानवाल्याच्या कानात मशीन दिसली तर बाजार काय म्हणंल, म्हणायचे. फोनवर तर काहीच कळत न्हवतं. ज्याचं ऐकू आलं न्हाई, त्याला बिलकुल."

मला एकदम तो बोनेटवरचा तळवा आठवला. शेवटची कितीतरी वर्षं त्यांना सगळ्याच गाड्या मुक्या होत्या.

परतताना फाटकातून बाहेर पडून राजूर रोडला लागलो. नंदानं हात वर केला, तिथं कोणी नव्हतं तरी. मला राहवलं नाही. म्हणालो, "म्हणजे त्या दिवशी चाचांना माझं काही ऐकूच आलं नव्हतं. आणि मी त्यावर गाडी घेतली."

नंदा रस्त्याकडेच बघत होती.

"त्यांना ऐकू येत न्हवतं," ती म्हणाली. "तुम्हाला तर वाचता येत होतं."