ओरडलं तरी कुणी येणार नाही अशी जागा

दिग्दर्शकाला अशी जागा हवी होती, जिथे माणूस ओरडला तरी कुणी येणार नाही. फोनवर त्याने मला हे तीनदा सांगितलं. मी डहाणूत लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचो. नवरीची कोणती मावशी कधी रडणार, हे मला आधी कळायचं. पण ओसाड जागा कुठे मिळते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. दोन हजार अठराचा डिसेंबर होता. पाच मित्र सुट्टीला रानातल्या एकट्या घरात येतात आणि एकेक करून मरतात, अशी त्याची गोष्ट.

"हॉरर आहे, पण कॉमेडी पण आहे," तो म्हणाला. "लोक हसतील, पण आतून हादरतील."

त्याला घेऊन मी दोन दिवस फिरलो. गंजाडला एका वाडीतल्या पडक्या खोलीपुढे गाडी थांबवली, तर दोन मिनिटांत एक आजोबा आले, त्यांच्या मागून गुरं आली आणि गुरांच्या मागून "पाणी आणू का?" विचारत एक बाई आली. रानशेतला एकाने आम्हाला जमीन मोजायला आलेले सरकारी लोक समजून कागदांची पिशवीच सोडून दाखवली. दिग्दर्शक वैतागला.

"यार, तुमच्याकडे माणसं फार आहेत."

"ती आधीपासूनच आहेत," मी म्हणालो.

शेवटी मला तलासरीच्या पूर्वेला टेकडीवर राहणारा माझा शाळेतला मित्र आठवला. भात-नाचणीची शेती आणि उतारावर एकच कौलारू घर. मुख्य म्हणजे घर रिकामं होतं. गेला महिनाभर आमच्या भागात जमीन हलत होती. कधी नुसती गुरगुर, कधी फळीवरची भांडी खाली. भिंतींना तडे गेले तेव्हा मित्र आणि वहिनी पोरांना घेऊन समोरच्या खळ्यात ताडपत्रीखाली राहायला आले होते.

दिग्दर्शकाने भिंतीतल्या तड्यावरून हात फिरवला. "हा ओरिजिनल आहे?"

"ओरिजिनल."

"कमाल! आम्हाला हा बनवायला दोन दिवस लागले असते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली, की पेपरात रोज येतंय, मुंबईची शिकलेली माणसं आहेत, त्यांना माहीत असेलच. खरं कारण वेगळं होतं. त्याने मला आदल्या दिवशी सगळ्यांसमोर 'आपला सेकंड कॅमेरामन' म्हटलं होतं. तोवर मला सगळे 'ओ शूटिंगवाले, जेवलात का?' एवढंच म्हणायचे.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, त्यांना सांगितलंत ना, इथे काय चाललंय ते?"

"हो, सगळं सांगितलंय," मी चुलीकडे बघत म्हणालो.

शूटिंग दिवसाच चालायचं. खिडक्यांवर काळं कापड लावलं की सकाळी अकराला आत मध्यरात्र. बाहेर टेकडीखालच्या पाड्यावरून आलेले मित्राचे शेजारी पेंढ्यावर बसून आमच्या किंकाळ्या ऐकायचे आणि कोणती चांगली झाली, ते जेवणाच्या सुट्टीत सांगायचे. पाचांपैकी एक नट आलाच नाही, त्याला साबणाची जाहिरात मिळाली होती. मग त्याच्या जागी मला घेतलं. मी झालो गावाकडचा मित्र, जो सगळ्यात आधी मरतो.

"मीच आधी का?" मी विचारलं.

"गावाकडचा आधीच मरतो. प्रेक्षकांना त्याचं फारसं काही वाटत नाही."

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला घराला शाप द्यायचा होता. भिंतीवर रक्ताने वारली चित्र हवं, असं त्याने वहिनींना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"ते लग्नात काढतात."

"हो, पण आपण इथे मरणासाठी वापरू."

"का?"

"भीती वाटते ना बघून," तो म्हणाला.

"आमच्या लग्नाची?" वहिनींनी विचारलं, सूप उचललं आणि निघून गेल्या. शेवटी त्याने स्वतःच चित्र काढलं. शाळेजवळ 'मुले रस्ता ओलांडतात' अशी पाटी असते ना, तसं दिसत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी माझं मरण होतं. मी ओटीवर उताणा पडलो होतो. अंगावर बीट आणि गुळाच्या पाकाचं रक्त होतं आणि मुंग्यांना ते फार आवडलं होतं. शेवटी जिची सुटका होते ती नटी, वीस-बावीस वर्षांची मुलगी, आतल्या खोलीत दार लावून रडत होती. दिग्दर्शक ओरडला, "ॲक्शन!"

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण माझी पाठ जमिनीला टेकलेली होती. खालून, फार खोलवरून, रिकामा ट्रक खडीवरून जावा तसा आवाज आला. मग कौलं दातांसारखी वाजायला लागली.

"हा साउंड कोणी दिला?" दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला. "सुपर्ब!"

मी उठलो आणि पळालो. माझ्या पोटात कुऱ्हाड होती, थर्माकोलची, ती उंबऱ्यात पडली. माझ्या मागून दिग्दर्शक, कॅमेरामन आणि तिन्ही नट बाहेर आले. खळ्यात पोचल्यावर मला आठवलं, ती मुलगी आतच आहे. तिच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. आम्ही सहा पुरुष तिथे उभे होतो. पाय उचलावा असं वाटत होतं, पण माझा उचलला गेला नाही. मित्र पोरांना घेऊन ओढ्यावर गेला होता, शेजारी जेवायला घरी.

वहिनी आमच्यामधून वाट काढत आत गेल्या. दाराला दोन लाथा मारल्याचा आवाज आला. कौलं पडत होती. मग वहिनी त्या मुलीला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. मुलीच्या कपाळातून थोडं रक्त येत होतं. आमच्या बीटाच्या रक्तापेक्षा ते फारच फिकट दिसत होतं.

जमीन थांबली. वहिनींनी जखम धुतली, हळद दाबली आणि चुलीवर चहा ठेवला. मुलगी त्यांचा पदर सोडत नव्हती.

दिग्दर्शकाने मला विचारलं, "तुला माहीत होतं हे असं होतं?"

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "सांगितलं नाही."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फक्त लांब जाऊन ओकला. तासाभरात ते सगळे गाडीत बसून निघून गेले.

सहा महिन्यांनी सिनेमा इंटरनेटवर आला. प्रेत उठून पळतं, तो शॉट त्यांनी तसाच ठेवला होता, वर ढोलकी वाजवून. तलासरीच्या बाजारात अनोळखी माणसं मला बघून पोट धरून खाली पडायची आणि उठून पळायची. आतल्या खोलीत लावलेला माझा कॅमेराही चालूच राहिला होता; त्यात वहिनींचा फक्त हात दिसतो, दाराच्या फटीतून येणारा. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'भुताचा हात एकदम रिअल.'

पण त्याच्या खूप आधी, ते लोक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो होतो. वहिनी फुटकी कौलं वेगळी करत होत्या.

"वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मीही त्यांना सांगितलं नाही. वाटलं, चार दिवस पोरांना गंमत आहे. घरात माणसं हसतायत." त्यांनी एक अख्खं कौल बाजूला ठेवलं. "त्या पोरीला काही झालं असतं तर?"

मित्र छपरावर होता. त्याने वरून हाक मारली, "बोलतोस काय नुसता? कौलं दे."

मी शिडीला पाय लावला. संध्याकाळपर्यंत मी एक ओळ शाकारली. मित्राने ती नीट बघितली, काढली आणि परत लावायला घेतली.