चिखलात रोवलेली रास्ना

झाडावर दुसरं काही उगवलेलं दिसलं की त्याला बांडगूळ म्हणून मोकळं होणाऱ्या माणसांचा मला आजही संताप येतो. देवानं डोळे दिलेत, जरा मान वर करून बघा की!

गडचिरोलीकडच्या जंगलात माझं माहेर. तिथे अंगणातल्या मोहाच्या झाडावर रास्ना होती, ऑर्किडच्या जातीची. पट्ट्यासारखी जाड पानं आणि हवेत लोंबणारी जाडजूड मुळं. कोरडी असली की पांढुरकी, भिजली की हिरवी. फुलं पिवळट-तपकिरी, चौकटी-चौकटीची, मधोमध निळसर जीभ. आईचा तिच्यावर भारी जीव. माझ्या लग्नाआधीच आई गेली आणि लग्नानंतर वादळात तो मोहही पडला. आईच्या मायेचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, म्हणून फांदीच्या तुकड्यासकट रास्ना मी सावली गावाजवळच्या माझ्या सासरी आणली आणि परसातल्या आंब्याला सुतळीनं बांधली. पुढच्या पावसाळ्यात तिच्या मुळांनी साल धरली. मला कोण आनंद झाला!

"हे बांडगूळ काऊन बांधलं वं?" सासूबाईंनी विचारलं. "आंब्याचं रगत पेऊन राह्यलं ते."

"नाई बाई, ते फक्त बसते. पाणी हवेतलंच घेते."

बांडगुळाची मुळं फांदीच्या आत शिरतात, हिची सालीवरच राहतात. मी एक मूळ नखानं उचलून दाखवलंसुद्धा, पण पालथ्या घड्यावर पाणी. तो आंबा लोणच्याचा. त्या वर्षी त्याचा मोहोर गळला आणि खापर रास्नेच्या माथी फुटलं.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. गावात त्यांच्यासारखा रोवणीचा हात कुणाचा नव्हता. त्यांनी चिखलात काडी खोचली तरी जगेल, असं लोक म्हणायचे, आणि दुर्दैवानं त्यांनाही ते पटलं होतं. धानाच्या मुलखात सगळ्याच रोपांचं भलं चिखलात होतं, नाही का!

धानाची रोवणी सुरू झाली. मी दिवसभर शेतातल्या बांधीत वाकलेली. संध्याकाळी घरी आले तर आंब्याचं खोड उघडं, सालीवर तुटक्या मुळांचे तुकडे चिकटलेले. न्हाणीचं पाणी जिथे साचतं तिथे, शेणखत घातलेल्या चिखलात, माझी रास्ना गळ्यापर्यंत रोवलेली.

"फेकली नाई मी," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या जिवावर काऊन जगन ते? आता पोटभर खाईन."

मी उपटायला धावले, तर त्यांनी माझा हात धरला. आमच्या घरी रोवणीच्या दिवसांत रोवलेलं रोप उपटत नसत. लक्ष्मीला उठवल्याचा दोष लागतो म्हणे. घरधन्यांकडे पाहिलं. ते चिखलाचे पाय धूत होते. "आईनं रोवलं ना, राहू दे," एवढं बोलून आत गेले. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीचा न्याय धानाच्या कायद्यानं झाला आणि घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही!

पानं पिवळी पडली तशा सासूबाई जास्तच कळवळल्या. रोज पाणी, वर शेणखत. रोवणी आटोपली त्या दिवशी मी तिला उचलायला गेले, तर शेंडा अलगद हातात आला. खाली सगळं कुजून नुसती घाण सुटलेली होती.

सासूबाई तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. "इतकं खाऊ घातलं तरी नाई जगलं. तुझ्या माहेरचं झाडच कमजोर."

तोवर मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"कमजोर नोतं, बाई. माझी माय मेली त्या सालीबी ते फुललं होतं. तुमी त्याले बुडवून मारलं."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मी तं त्याचं भलंच केलं वं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

त्यांना तसं खरंच वाटत होतं. अन् लगेच सगळं घर, घरधन्यांसकट, त्यांचीच समजूत काढायला धावलं. आईची रास्ना हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.