अण्णासाहेबांची गांधीलमाशी

आमचं ठाण्याचं कीटक मंडळ दर रविवारी भरतं. किडे सापडतात मोजके, किस्से मात्र पोत्याने! त्यातले बरेचसे अण्णासाहेबांचे. अण्णासाहेब म्हणजे आमचे प्रेसिडेंट, निवृत्त सायन्स मास्तर. आणि मी इंटरला कॉलेज सोडलेला, म्हणजे त्यांच्या लेखी किड्याहून खालचा.

*

बाळकुमला एका मळ्यात गेलेलो. पडवळाच्या मांडवाखाली एक किडा घोंघावत आला. काचेसारखे पंख, पोटावर पिवळे पट्टे. "गांधीलमाशी!" ओरडत अण्णासाहेब धोतर सावरून थेट बांधापलीकडे!

मी किडा चिमटीत धरला. "अण्णा, हा पतंग आहे. दिव्यावर येतात त्यांचाच भाऊबंद. गांधीलमाशीचं सोंग घेतो म्हणून पाखरं शिवत नाहीत. डंख नाहीच याला!"

बांधापलीकडून आवाज आला, "मेलास तर मंडळ जबाबदार नाही!"

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात हा पतंगांच्याच पेटीत लावायचा, हे मी तिथेच ठरवलं.

*

किड्याचं नाव ठरवायची आमची रीत मोठी शास्त्रीय. सगळ्यांत म्हातारा आधी बोलणार, मग वयाप्रमाणे बाकीचे. अण्णासाहेब म्हणाले, "गांधीलमाशी." पुढचे सगळे, "अण्णा म्हणतात तेच." शेवटी मी. "पतंग!"

"इंटर सोडलेल्याचं मत धरत नाहीत."

"देशात निवडणुका झाल्या, अण्णा. तिथे अंगठेबहाद्दरांचंही धरलं!"

*

आमचे सेक्रेटरी भाऊसाहेब. असलाच एक पतंग त्यांच्या मनगटावर बसला आणि उडाला. यांनी बोंब ठोकली, चुना थापला, हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवला. मंडळातल्या एकमेव बाई म्हणजे कुमुदताई. त्यांनी फडकं सोडून हात उलटापालटा करून पाहिला.

"भाऊसाहेब, डंख कुठाय? सूजसुद्धा नाही!"

"आतून सुजलंय!"

*

प्रदर्शन तोंडावर आलं. अण्णासाहेब स्वतःच्या तोंडाने 'पतंग' म्हणेपर्यंत पतंगांची पेटी उघडायची नाही, असा हुकूम सुटला.

"माझ्या हयातीत ते शक्य नाही," ते म्हणाले.

"मी विशीत आहे, अण्णा. थांबतो!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुमुदताईंना मात्र ठसका लागला.

*

पडवळाच्या वेलीला गाठ येते, तिच्यात या पतंगाची अळी वाढते. तसली एक गाठ मी घरी बरणीत ठेवलेली. प्रदर्शनाआधीच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी सकाळी तिच्यातून पतंग निघाला. बरणी तशीच मंडळात नेली, सगळ्यांसमोर झाकण काढलं.

पतंग उडाला आणि अण्णासाहेबांच्या मिशीवर जाऊन बसला!

मंडळ क्षणात ओसरीवर. आत खुर्चीत अण्णासाहेब, दगडासारखे. श्वासही जपून.

मी जवळ गेलो. "पतंग म्हणा, अण्णा. लगेच उचलतो."

ओठ न हलवता ते पुटपुटले, "गांधीलमाशीच आहे... पण काढ!"

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नको, अण्णा. डसेल!"