बारा खुणा, दोन डाग

सातवीतच शाळा सुटली आणि कोकणातलं घर सोडून मी सोलापुरात गिरणीत लागलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यायची रीत होती. एकेका धोट्याला चार-पाच जणांची तोंडं लागायची. त्यामुळं छातीचे फोटो काढणारी गाडी गिरणीत येऊन गेली आणि माझ्या चिठ्ठीवर ‘ठिपका, पुढील तपासणी’ असं आलं, तेव्हा जॉबरनं, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमानं, मला मागावरून उठवलं.

“कोकण्या, दवाखान्याचा कागद येईस्तोवर मागाला हात लावायचा न्हाय.”

मी बदली कामगार. काढायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. खानावळीच्या मावशींनी ताट वेगळं काढलं, पण त्यात भाकरी एक जास्तच वाढली. ते मी विसरलेलो नाही.

दवाखान्यात थुंकी तपासणारे एक वयस्कर चाचा होते. मी विचारलं, “टीबीच ना?”

“कोन बोल्ला? गिरणीत कापडाचं तयार ठाण तपासतात, तितं खडूची खूण करतात की न्हाय?”

“शंका आली की करतात.”

“खुणेचं सगळं खराब निघतं?”

“छे. डाग सुटायला नको म्हणून जरा जास्तच खुणा करतात. बऱ्याचदा नुसती गाठ असते.”

“फोटो बी तेच करतो. जा, बाकावर बस आन हिशेब कर.”

मी बोटांवर मोजायला घेतलं. समजा, शंभर ठाणांत दोन खराब. तपासणाऱ्यानं दोन्ही पकडली, आणि चांगल्यांतल्या दहांवर उगाच खूण केली. खुणेची बारा झाली, त्यात खराब दोनच. परत मोजलं. दोनच. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

पण मग दुसरी धास्ती. “चाचा, थुंकीची तपासणी चुकत नाही का?”

त्यांनी चष्मा काढला. “चुकते की. जंतू एक दिवस दिसतो, एक दिवस न्हाय. म्हनून तीन दिवस बोलावतो. हे इचारनारा तू पैला.”

तिन्ही दिवस काही निघालं नाही. डॉक्टरांनी छातीचा मोठा, स्पष्ट फोटो काढला. ठिपका म्हणजे जुना, भरून आलेला व्रण होता. ‘कामावर घ्यावे’ असा कागद मिळाला.

जॉबरनं तो दोनदा वाचला. “म्हंजी फोटो खोटा?”

“खोटा नाही. त्यानं खूण केली, निकाल नाही दिला.” आणि मी बारा ठाणांचा हिशेब मांडला. माझ्यासारख्याच ठिपक्याच्या चिठ्ठ्या खिशात दडवून बसलेले तिघंजण हळूहळू जवळ सरकले. एकानं विचारलं, “मग आमी बी त्या धा चांगल्यांतलेच की. जायाचं कशाला?”

“दहातले की दोनातले, ते गेल्याशिवाय कळत नाही.”

कुणी हसलं नाही. माझं बोलणं इतक्या माणसांनी कान देऊन ऐकलेलं मला आठवत नव्हतं.

जॉबर म्हणाला, “सातवीपत्तुरच शिकलास व्हय रं? उद्या ह्या तिघांना घिऊन जा. तुझा माग मी चालवतो.”