टेपचं दुसरं टोक

कुणाचंही दार दिसलं की ती आधी त्याचं माप घ्यायची, मग आत यायची. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर तिला सगळे मापवालीच म्हणायचे. खरं तर ती समुद्राकडच्या धाकटी डहाणू गावची, सुकं म्हावरं घेऊन आमच्या दारावर येणाऱ्या काकीची मुलगी. काकी टोपली उतरवून बोंबील मोजायची नि ही उंबऱ्यावर टेप लावायची. माझी सासू एकदा तिला म्हणाली, "काय गं, घर बघतेस की स्थळ?" तर लाजली नाही की काही नाही. "आजी, स्थळाचंपण माप घेईन, आधी घराचं होऊ दे."

घरं काढायचं शिकत होती ती, कागदावर नि कॉम्प्युटरवर. कॉलेजनं सांगितलेलं, गावातलं एक घर अख्खं मोजून काढा, तिनं आमचं धरलं. मी सातवीत शाळा सोडलेली, पोटात पाच महिन्यांचं बाळ, तरी टेपचं दुसरं टोक तिनं माझ्याच हातात दिलं. मी ते दोन्ही हातांनी दाबून धरायची, आपलं चुकलं तर हिचे मार्क जातील म्हणून. मी म्हणायची असेल की दहा फूट, ती म्हणायची, "वहिनी, अंदाज नको, माप सांगा." खांब मोजले, चूल मोजली, हंडेसुद्धा मोजले.

मग एक दिवस मावसभावाचा जुना लॅपटॉप घेऊन आली नि त्यात आमचं घर. बोटानं गोल फिरवलं, छप्पर उचलून बाजूला ठेवलं. भरलं घर असं उघडं बघायचं म्हणजे काय. मी म्हटलं, आधी छप्पर ठेव. सासू म्हणाली, "नि हळू फिरव गं, हंड्यातलं पाणी सांडेल." ती हसून हसून आडवी झाली, पण छप्पर ठेवलंन लगेच.

आमचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काड्या नि वर शेणमातीचं लिंपण. फक्त मागची भिंत विटांची, नवऱ्यानं नि दिरानं दोन उन्हाळे राबून बांधलेली, जराशी आत कललेली. तिनं ती कललेलीच काढली. सरांनी म्हणे लाल गोल केला, भिंत सरळ काढ म्हणाले. ती म्हणाली, सर, ती सरळ नाहीये. मार्क गेले, पण भिंत काही सरळ केली नाही तिनं.

दोन हजार अठराची दिवाळी झाली नि आमच्याकडची जमीन भूकंपानं हलायला लागली, थांबेचना. सगळा पाडा ताडपत्रीखाली झोपायला बाहेर. माझी मुलगी आठ महिन्यांची, थंडीनं छाती भरलेली. सासू म्हणे आत चल, पोर गारठून जाईल, नि मागच्या भिंतीला तर ही तिरकी चीर पडलेली. नवरा दिवसभर कंपनीत. मी काकीला फोन करून मापवालीला बोलावून घेतलं.

तिनं चीर मोजली, जिथं संपत होती तिथं पेन्सिलनं रेघ मारून तारीख घातली. मी विचारलं, पडेल का? म्हणाली, "पडणार नाही असं मी सांगू शकत नाही, वहिनी. मला तेवढं शिकवलेलं नाही." मला इतका राग आला. म्हटलं, मग एवढी मापं घेतलीस कशाला? एवढंच तर ऐकायचं होतं मला, खोटं का होईना.

ती उठली, पाळणा सोडवला नि भिंतीपासून लांब, कुडाच्या बाजूला बांधला. वाटेतले हंडे हलवले. मुलगी माझ्या कडेवर दिली नि म्हणाली, आता पळा बाहेर. पावलं मोजली, परत पळवलं, परत. पाचव्या वेळी मुलगी खदाखदा हसायला लागली, खोकत खोकत हसत होती. मी रडत होते. त्या रात्रीपासून मुलगी आत पाळण्यात निजायची नि मी शेजारी बसून जागायची.

उन्हाळ्याआधी मापवालीला मुंबईकडं नोकरी लागली. जाताना पेन्सिल माझ्याकडं देऊन गेली. मी रोज भिंत बघायची. एका दुपारी परत जमीन हलल्यावर बघितलं तर चीर रेघेच्या पुढं गेलेली, बोटाच्या एका पेराएवढी. फोन लावला. ती म्हणाली, "पाडा ती भिंत. छप्पर खांबांवर आहे, भिंतीवर नाही. मी काढलंय घर, मला माहीत आहे."

नवरा ऐकेना, दोन उन्हाळ्यांची मेहनत म्हणाला. लग्न झाल्यापासून मी त्याच्यापुढं आवाज काढला नव्हता. म्हटलं, तू नाही पाडलीस तर मी पाडते. रविवारी त्यानं नि दिरानं एकेक वीट उतरवली. छप्पर हललंसुद्धा नाही. आठवड्यात तिथं कूड उभा राहिला, मी स्वतः लिंपला.

लिंपण वाळलं त्या दुपारी मुलीला आत खाली निजवलं नि कितीतरी महिन्यांनी मीपण तिच्या शेजारी आडवी झाले. फोन हातातच होता, मापवालीला सांगायचं होतं. नंबर लावायच्या आधीच मला झोप लागली.