पहाडगढची वाट आणि टाय रॉडवरचा काळा रंग

तंबूत झोपायचा हट्ट आमच्या माईचा. वय अडुसष्ट, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवून निवृत्त. एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "तुम्ही दोघं त्या ट्रकमध्ये कुंड्या भरभरून गावं पालथी घालता. मला कधी नेणार?"

ट्रक म्हणजे आमचा डबल केबिनचा पिकअप. मी आणि धाकटा भाऊ निखिल, आमची ग्वाल्हेरला रोपवाटिका आहे. गाडी बहुतेक मीच चालवते. ठरलं : फेब्रुवारीत पहाडगढ. मुरैना जिल्ह्यात, आसन नदीच्या काठी कातळावर फार जुनी चित्रं आहेत. शेवटचा रस्ता कच्चा, दगडांचा. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दिली. काचेचं ऑफिस, वाट बघणाऱ्यांसाठी सोफा. मी मालकाला स्पष्ट सांगितलं, "स्टीयरिंग खडखडतंय. माझी आई सोबत असणार आहे." तो माझ्या खांद्यावरून निखिलकडे बघत म्हणाला, "भाईसाहब, टाय रॉड एंड नया डाल देंगे. बेफिकर जाइए." बिलावर 'नया' असं लिहूनही दिलं.

हे नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा संताप त्या एका शब्दाचा आहे.

सकाळी सातला दौलतगंजातून निघालो, नई सडकवर उभ्याउभ्या बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी खाल्ली. तुम्ही जाणार असाल तर पोटभर खाऊन घ्या, कारण वाटेतलं जौरा गाव सोडल्यावर चहा-भज्यांपलीकडे काही मिळत नाही. मुरैन्यापर्यंत हायवे झकास. तिथून जौऱ्याकडे वळलं की दोन्हीकडे सरसोंची पिवळी शेतं. माई खिडकीची काच खाली करून बसली होती. डिझेल आणि पाणी जौऱ्यातच भरून घ्या. पहाडगढपर्यंत डांबर आहे, जागोजागी उखडलेलं. जंगलहद्दीत तंबू लावता येत नाही, त्यामुळे आम्ही गावातल्या एका शेतकऱ्याची पडीक जमीन विचारून ठेवली होती.

त्या जमिनीच्या अलीकडे, दुपारी दोनच्या सुमारास, उतारावर घडलं ते. वाट अरुंद, डावीकडे खोल नाला. वेग सायकलीइतका असेल. एका दगडावरून चाक उतरलं, खालून टाणकन आवाज आला आणि माझ्या हातातलं स्टीयरिंग एकदम हलकं झालं. मी उजवीकडे वळवतेय आणि डावं चाक आपल्या मनानं नाल्याकडे निघालंय. ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि कडेच्या एका मोठ्या दगडाला टेकून थांबली. दगडापलीकडे दोन हात जमीन होती, मग काही नव्हतं.

माई म्हणाली, "माझा चष्मा खाली पडलाय बहुतेक." मी चष्मा शोधून दिला.

आणि निखिल, मागच्या सीटवरून उतरता उतरता, पहिलं वाक्य काय बोलला? "ताई, तू ना, गड्ढे में ज़ोर से डाल दी!"

"मी? रांगत होती गाडी, निखिल, रांगत!"

"अरे पर पार्ट तर नवीन होता ना. नया पार्ट ऐसे थोड़ी टूटता है."

त्याचंही तेच म्हणणं, सगळ्या जगाचं तेच असतं : बाई चालवत होती, म्हणजे बाईचंच चुकलं. मला इतका राग आला की मी सरळ गाडीखाली शिरले. स्टीयरिंग फिरवलं की पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा जो दांडा, तो टाय रॉड. त्याच्या टोकाला वाटीत बसवलेली लोखंडी गोळी असते. आमची गोळी वाटीतून निसटून बाहेर लोंबत होती.

मोबाइलला रेंज नाही. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "रामसेवक मिस्त्री को बुला लो, टिरैक्टर वही देखत है." निखिल चालत गावात गेला आणि तासाभरानं मोटारसायकलच्या मागे बसून परत आला. रामसेवक पन्नाशीचे, गळ्यात मफलर. नमस्कार माईला केला, प्रश्न मला विचारले. गाडी कोण चालवत होतं, आवाज आधी आला की स्टीयरिंग आधी सुटलं, अगदी नीट. मग टाय रॉडचं टोक काढून हातात घेतलं, स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. चकचकीत काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला. खाली गंज.

"यह नया नहीं है, जिज्जी," ते म्हणाले. "पुराने को नहला-धुलाकर काजल लगा दिया है. बस रबर नया है, ऊपर से दिखता है न."

मी निखिलकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग पुटपुटला, "सॉरी, ताई."

मी रामसेवकांना विचारलं, तात्पुरतं वेल्डिंग करून गावापर्यंत नेता येईल का. त्यांनी असं पाहिलं जणू मी काहीतरी पाप सांगितलंय. "स्टीयरिंग पर वेल्डिंग नहीं करूँगा. माताजी बैठी हैं इसमें. असली पार्ट ले आओ, मैं लगा दूँगा."

सोफा नव्हता, काचेचं ऑफिस नव्हतं. झाडाखाली हत्यारांची एक पेटी. आणि हा माणूस सांगत होता की एखादं काम करायचं नाही म्हणजे नाही.

तंबू मग जवळच लावला. माईनं तीन दगडांची चूल मांडून खिचडी केली आणि सूर्य मावळेपर्यंत ट्रककडे पाठ करून बसली. मला वाटलं, तिला मजा येतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं जौऱ्याला गेले, हातात तो रंगवलेला तुकडा. सुट्या भागांच्या दुकानात तोच पार्ट सीलबंद डब्यात मिळाला. आम्ही तिघांनी शहरात एकदा हॉटेलात जेवावं, त्याहून कमी किमतीत. एवढ्याशा पैशासाठी त्या माणसानं माझ्या आईला नाल्याच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. परतीच्या बसमध्ये मी एकटीच मोठ्यानं बोलत होते बहुधा, कारण शेजारची बाई सरकून बसली.

रामसेवकांनी पार्ट बसवला, नटातून पिन घालून तिची टोकं दुमडली आणि मला वाकून बघायला लावलं. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकं सरळ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठी चित्रं पाहिली. गेरूच्या रंगातली माणसं, हरणं, हत्ती. जरूर जा. वाटाड्या गावातूनच घ्या आणि शेवटची कच्ची वाट पावसाळ्यात टाळा.

ग्वाल्हेरला पोचल्यावर मी घरी न जाता गॅरेजमध्ये गेले. तो तुकडा मालकाच्या टेबलावर ठेवला. तो हसला. "मॅडम, ऑफ-रोड में टूट जाता है. आप भाईसाहब को भेजिए, मैं समझा दूँगा."

भाईसाहेब माझ्या मागेच उभे होते. निखिल म्हणाला, "ताई से ही बात कीजिए. गाड़ी वो चलाती हैं."

मालकानं आवाज खाली आणला, फुकट नवीन टाकून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. बाहेर रॅम्पवर एक शाळेची व्हॅन उभी होती, पुढचं चाक काढलेलं. तिचा ड्रायव्हर बाकावर चहा पीत होता. मी त्याला तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. मालक ओरडत बाहेर आला. ड्रायव्हरनं कप खाली ठेवला, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं उचललं आणि आपल्या व्हॅनचा 'नया' टाय रॉड पुसला. फडकं काळं झालं. दोन पोरं त्याची स्वतःची त्या व्हॅननं जातात, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

तो ड्रायव्हर आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ग्राहक मंचात तक्रार केली आहे. निकाल काय लागेल ते माहीत नाही. लोक म्हणतात, जाऊ दे, सुखरूप आलात ना. याच वाक्यावर असली गॅरेजं चालतात. मी जाऊ देणार नाही.

तक्रारीसोबत माईनं आपला जबाब जोडायचा म्हटलं. हिंदीच्या शिक्षिकेनं तो मराठीत लिहिला. निखिल म्हणाला, "माई, हिंदी में लिख ना, वकील को पढ़ना है." ती म्हणाली, "घाबरले होते ते हिंदीत लिहिता येईना. तू कर भाषांतर."

तेव्हा मला कळलं की ती घाबरली होती. चार ओळींचा कागद आहे :

"मी पुढच्या सीटवर बसले होते. मुलगी उजवीकडे वळवत होती आणि गाडी डावीकडे जात होती, हे मी पाहिलं. मग मी डोळे मिटले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे पडलो तर ती माझ्याजवळ असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण मुलांना सांगितलं नाही, कारण जाण्याचा हट्ट माझा होता."